सुझाना वेस्ली : एपवर्थच्या स्वयंपाकघरातली मंडळी

आजचं वचन : रोमकरांस पत्र १६:३-५



रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पुष्कळ जण भरभर वाचून टाकतात, कारण त्यात बरीचशी नावंच आहेत. पण आज तिसऱ्या ते पाचव्या वचनापाशी जरा थांबू या. पौल सलाम सांगायला सुरुवात करतो ती प्रिस्का आणि अक्विला या नवरा-बायकोपासून. तंबू करून पोट भरणारी ही माणसं. आणि त्यांच्या घरी जी मंडळी जमते तिलाही तो सलाम सांगतो. रोममध्ये तेव्हा चर्चची इमारत नव्हती, मनोरा नव्हता, घंटा नव्हती. मंडळी मात्र होती आणि ती कुणाच्या तरी घरात बसत होती.

हे वचन वाचलं की मला इंग्लंडमधलं एपवर्थ नावाचं छोटं गाव आठवतं आणि तिथल्या पाळकांच्या पत्नी सुझाना वेस्ली आठवतात. जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई म्हणून आपण त्यांना ओळखतो. मदर्स डेच्या उपदेशात त्यांचं नाव येतं. एकोणीस मुलं, कडक शिस्त, नेमाची प्रार्थना, एवढं सांगून आपण पुढे जातो. पण ज्या गावात त्या राहिल्या ते गाव त्यांच्याशी कसं वागलं, आणि १७१२ च्या हिवाळ्यात त्यांच्या घरात काय घडलं, हे फारसं सांगितलं जात नाही. आज ते सांगतो.

लंडनची मुलगी

सुझानाबाईंचा जन्म २० जानेवारी १६६९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील डॉ. सॅम्युएल ॲनेस्ली हे नावाजलेले उपदेशक. १६६२ साली इंग्लंडमध्ये राजमान्य चर्चचं प्रार्थना-पुस्तक सगळ्या पाळकांना सक्तीचं झालं. ज्यांच्या विवेकाला ते पटलं नाही त्यांना आपली जागा सोडावी लागली. डॉ. ॲनेस्ली त्यांतलेच एक. सुझाना हे त्यांचं पंचविसावं अपत्य असं सांगतात.

घरात पुस्तकं भरपूर, धर्मावरची चर्चा रोजची. ही मुलगी सगळं ऐकत होती, वाचत होती. तेरा वर्षांची व्हायच्या आतच तिने दोन्ही बाजूंचा विचार करून ठरवलं, की आपण राजमान्य चर्चमध्ये जायचं. म्हणजे ज्या चर्चपायी बापाची जागा गेली, त्याच चर्चमध्ये! बापाने तिला घराबाहेर काढलं नाही. तिचं मत तिचं आहे हे त्यांनी मान्य केलं. मला वाटतं, पुढे आयुष्यभर सुझानाबाई स्वतःच्या विवेकाला जपत राहिल्या, त्याचं बीज इथे पडलं.

१६८८ साली सॅम्युएल वेस्ली यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सॅम्युएल विद्वान होते, कवी होते, पण पैशाचा हिशेब त्यांना कधीच जमला नाही. १६९० च्या दशकात त्यांना एपवर्थची पाळकी मिळाली आणि लंडनच्या मुलीचा संसार त्या गावात मांडला गेला.

न आवडणारं गाव, नावडता पाळक

एपवर्थ हे लिंकनशायरमधलं बाजाराचं गाव. चारी बाजूंना दलदल, म्हणून त्या भागाला बेटच म्हणत असत, आइल ऑफ ॲक्सहोम. त्या दलदलीवर गावकरी जगत. मासे, पाणपक्षी, गुरांना चारा, सगळं तिथून मिळायचं. १६२६ च्या सुमारास राजा पहिला चार्ल्स याने डच इंजिनिअर कॉर्नेलियस व्हर्म्युडेन याला आणून दलदलीतलं पाणी काढायचं काम सुरू केलं. जमीन कोरडी झाली, पण गावकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क गेले. दंगे झाले, बांध फोडले गेले, खटले चालले. राजाचं नाव घेणाऱ्या माणसाबद्दल तिथे पिढ्यान्‌पिढ्या राग राहिला.

आणि सॅम्युएल वेस्ली तर राजाचे कट्टर भक्त, वर शीघ्रकोपी. पाळक आणि गाव यांचं जमणार कसं?

घरातही सगळं गोड नव्हतं. राजा तिसरा विल्यम हा खरा राजा नव्हे असं सुझानाबाईंचं मत होतं, म्हणून त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेला त्या आमेन म्हणत नसत. हे सॅम्युएलच्या लक्षात आलं आणि १७०२ साली ते रागाने घर सोडून काही महिने निघून गेले. त्याच वर्षी राजा वारला, पाळकांच्या घराला आग लागून बराच भाग जळाला, आणि ते परत आले. समेट झाला. १७०३ च्या जूनमध्ये जॉनचा जन्म झाला. इतका मोठा देवमाणूस ज्या घरात जन्मला, त्या घरात वर्षभरापूर्वी नवरा-बायको बोलत नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१७०५ मध्ये निवडणूक आली. सॅम्युएलनी उघडपणे गावाच्या विरुद्ध बाजू घेतली. रात्रभर लोक घराखाली ढोल वाजवत होते, पिस्तुलं उडवत होते. सुझानाबाई नुकत्याच बाळंत झाल्या होत्या. तान्हं मूल एका दाईकडे ठेवलं होतं. त्या गोंधळात दाईला झोप मिळाली नाही, पहाटे तिला गाढ झोप लागली आणि बाळ तिच्या अंगाखाली गुदमरून गेलं. थोड्याच दिवसांत तीस पौंडांहूनही कमी कर्जासाठी सॅम्युएलना लिंकनच्या तुरुंगात टाकलं गेलं. घरी राहिलेल्या गाईंना कुणी तरी रात्री भोसकलं. त्या गाईंच्या दुधावरच घर चालत होतं. सुझानाबाईंनी तुरुंगात नवऱ्याकडे आपली अंगठी पाठवली, विकून सोय करा म्हणून. त्यांनी ती परत पाठवली.

पुढे ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री पाळकांचं घर पुन्हा पेटलं. या वेळी पूर्ण जळालं. सुझानाबाईंचे दिवस भरत आले होते. त्या आगीतून कशाबशा बाहेर पडल्या, हात आणि तोंड भाजलं. बाहेर येऊन मुलं मोजली तर पाच वर्षांचा जॉन नाही. तो माडीवर अडकला होता. शिडी आणायला वेळ नव्हता. एक माणूस भिंतीशी उभा राहिला, दुसरा त्याच्या खांद्यावर चढला आणि खिडकीतून पोराला ओढून काढलं. तेवढ्यात छप्पर आत कोसळलं. आग कुणी लावली हे सिद्ध झालं नाही, पण संशय गावकऱ्यांवर होता. तरी एक गोष्ट विसरू नका. जॉनला वाचवणारे हातही त्याच गावातले होते.

प्रत्येक मुलासाठी एक संध्याकाळ

नवीन घर विटांचं बांधलं. तोवर मुलं नातेवाइकांकडे आणि ओळखीच्यांकडे विखुरली होती. परत आली तेव्हा त्यांची भाषा, सवयी बिघडलेल्या. सुझानाबाईंनी पुन्हा घडी बसवली. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच अशी घरातच शाळा. मूल पाच वर्षांचं झालं की अक्षरओळख. आणि एक नियम त्या काळाच्या मानाने फार मोठा होता. मुलीला नीट वाचता येईपर्यंत तिला शिवणकामाला किंवा घरकामाला बसवायचं नाही.

याशिवाय त्यांनी आठवड्याचं वेळापत्रक केलं. रोज संध्याकाळी एका मुलाशी एकटीने बोलायचं. सोमवार मोलीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॅकीचा म्हणजे जॉनचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा, आणि रविवारी एमिली व सुकी. अभ्यास नाही, कामं नाहीत. तुझ्या आत्म्याचं काय चाललंय, एवढंच बोलायचं. आमच्या आयटीच्या ऑफिसात दर आठवड्याला वन-ऑन-वन मीटिंग असते, कॅलेंडरवर लावलेली. ती पुढे ढकलायला शंभर कारणं सापडतात. इथे घरात कर्ज, पोटात भूक, अंगावर दहा जणांचं काम, आणि तरी गुरुवार आला की जॅकीचा तास ठरलेला. पुढे ऑक्सफर्डला शिकवत असताना जॉननी आईला लिहिलं होतं, की माझा गुरुवारचा थोडा वेळ अजूनही माझ्यासाठी राखून ठेव. तिशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा हे मागत होता.

या वेळापत्रकामागे एक पुस्तक होतं आणि त्याचा संबंध थेट आपल्या देशाशी आहे. १७०६ साली झिगेनबाल्ग आणि प्लुट्शाउ हे दोन तरुण मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या पाठिंब्याने तमिळ किनाऱ्यावर त्रांकेबारला, म्हणजे आजच्या तरंगमबाडीला उतरले. त्यांच्या कामाचा वृत्तान्त इंग्रजीत छापला गेला होता. तो एमिलीला वडिलांच्या अभ्यासिकेत सापडला आणि तिने आईला वाचून दाखवला. सुझानाबाईंच्या मनातून तो दिवसेंदिवस जाईना. आपण पुरुष नाही, पाळक नाही, समुद्रापार जाऊ शकत नाही. पण जी माणसं देवाने आपल्या पदरात टाकली आहेत त्यांच्यासाठी आपण आजच्यापेक्षा जास्त करू शकतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. सुरुवात मुलांपासून केली. मग दार उघडलं.

१७१२ चा हिवाळा

सॅम्युएल चर्चच्या धर्मसभेसाठी लंडनला महिनोन्‌महिने राहत. मागे इन्मन नावाचे सहायक पाळक उपासना चालवत. त्या हिवाळ्यात संध्याकाळची उपासना होत नव्हती आणि सकाळच्या उपदेशात पोषण नव्हतं. मुलं आणि नोकरमाणसं उपाशी राहू नयेत म्हणून सुझानाबाई रविवारी संध्याकाळी घरीच स्तोत्र, प्रार्थना आणि एखादा छापील उपदेश वाचू लागल्या. कौटुंबिक प्रार्थना, आपण करतो तशीच.

घरात कामाला एक पोरगा होता. त्याने आपल्या आई-बापांना सांगितलं. ते म्हणाले, आम्ही येऊ का? त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं. बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. सुझानाबाईंनी नवऱ्याच्या कपाटातले सर्वांत जिवंत उपदेश निवडून काढले. जानेवारी संपेपर्यंत दोनशेच्या वर लोक येऊ लागले. घर भरलं, उभं राहायला जागा उरली नाही, कित्येक जण परत गेले. एपवर्थला आज तुम्ही गेलात तर ते विटांचं घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे, आणि ही सभा भरायची ती जागा म्हणून तिथलं स्वयंपाकघर दाखवतात. आठ वर्षांचा जॉन आणि चार वर्षांचा चार्ल्स याच घरात होते.

इन्मन यांना ते रुचलं नाही. सकाळी चर्चमध्ये त्यांच्यापुढे थोडी माणसं आणि संध्याकाळी बाईंच्या घरी दोनशे! त्यांनी लंडनला तक्रार लिहिली. सॅम्युएलनी पत्नीला पत्र पाठवलं. हे विचित्र दिसतं, तू बाई आहेस, आणि माझ्या पदाला हे शोभत नाही, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घे, असंही सुचवलं.

सुझानाबाईंनी उत्तर दिलं, तेही मुद्देसूद. दुसरा वाचणारा कुठून आणू, यांतल्या बहुतेकांना अक्षरं लावल्याशिवाय एक उपदेश सरळ वाचता येत नाही. आधी संध्याकाळच्या उपासनेला वीस-पंचवीस जण यायचे, आता दोनशे-तीनशे येतात. वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेलं कुटुंब आता येतं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या सभेमुळे गावाचं मन आपल्याकडे वळलं आहे, लोक आपल्याशी प्रेमाने वागू लागले आहेत.

हा शेवटचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा वाचतो. हेच ते गाव. इथेच गाई भोसकल्या गेल्या, ढोल वाजले, बाळ गेलं, घर जळालं. सुझानाबाई त्या दोनशे जणांपैकी कित्येकांना चेहऱ्याने ओळखत असणार. त्या रात्री ढोल कुणी वाजवला तेही त्यांना बहुधा माहीत असेल. त्याच माणसांना त्यांनी आपल्या चुलीपाशी बसवलं आणि देवाचं वचन वाचून दाखवलं. सॅम्युएलच्या विद्वत्तेने आणि उपदेशाने पंधरा वर्षांत जे झालं नाही, ते एका हिवाळ्यात स्वयंपाकघरात झालं.

पत्राच्या शेवटी त्यांनी एक अट घातली. सभा बंद व्हावी अशी नुसती इच्छा लिहू नका. बंद करायचीच असेल तर स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे आपण दोघे उभे राहू तेव्हा ही संधी दवडल्याचा दोष माझ्या माथी येणार नाही. पतीच्या अधिकाराला त्यांनी नाकारलं नाही, पण त्या अधिकाराचा हिशेब कुणापुढे द्यायचा आहे याची आठवण करून दिली. तशी आज्ञा आली नाही. सॅम्युएल परत येईपर्यंत सभा चालू राहिल्या.

आईचा गुरुवार, मुलाचं काम

पुढची कहाणी सुखाचीच आहे असं नाही. एकोणीस मुलांपैकी नऊ तान्हेपणीच गेली होती. मुलींचे संसार बहुतेक दुःखाचे झाले. हेटी घरातली सर्वांत हुशार, कविता करणारी. तिच्याकडून घडलेल्या एका चुकीपायी तिचं लग्न तिला न शोभणाऱ्या माणसाशी लावून दिलं गेलं आणि वडिलांनी तिला कधी मनापासून क्षमा केली नाही. १७३५ साली सॅम्युएल वारले. सुझानाबाईंना ते घर सोडावं लागलं. हातात काही नव्हतं. मुलांच्या घरी आळीपाळीने राहून अखेर १७३९ नंतर त्या लंडनला जॉनच्या फाउंडरीत आल्या. तोफा ओतायचा जुना कारखाना दुरुस्त करून जॉननी तिथे सभागृह केलं होतं. सत्तरीच्या घरात असताना, जावयाच्या हातून प्रभुभोजन घेताना, आपल्या पापांची क्षमा झाली आहे याची पक्की खात्री आपल्याला मिळाली, असं त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं इतरांना शिकवणाऱ्या बाईंनी म्हातारपणी देवाकडून नवं काही घ्यायला हात पुढे केला.

त्याच सुमारास थॉमस मॅक्सफील्ड हा दीक्षा न घेतलेला तरुण फाउंडरीत उपदेश करू लागला. जॉन ब्रिस्टलहून घाईघाईने हे थांबवायला आले. आईने त्यांना सांगितलं, आधी याच्या कामाचं फळ बघ, स्वतः ऐक, मग ठरव. देवाने तुला बोलावलं तसंच यालाही बोलावलं आहे असं मला वाटतं. जॉननी ऐकलं आणि मान्य केलं. मेथडिस्ट मंडळीतला सामान्य उपदेशक तिथून पुढे आला. स्वतःच्या घरातली सभा बंद करण्याचं पत्र वाचलेल्या बाईंनी दुसऱ्याची सभा बंद होऊ दिली नाही.

१७४२ च्या जूनमध्ये जॉन एपवर्थला गेले. खानावळीत उतरले तेव्हा त्यांना शोधत कोण आलं? वडिलांची एक जुनी मोलकरीण आणि दोन-तीन गरीब बाया. रविवारी सहायक पाळकाने त्यांना चर्चमध्ये बोलू दिलं नाही. संध्याकाळी ते चर्चच्या आवारात वडिलांच्या थडग्यावर उभे राहिले आणि बोलले. आवार माणसांनी भरून गेलं. तो आठवडाभर रोज संध्याकाळी ते तिथेच उभे राहिले. त्या गर्दीत तीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात बसलेली माणसं नक्कीच असतील. पुढच्याच महिन्यात, जुलै १७४२ मध्ये, सुझानाबाई मुलांच्या सोबतीने प्रभूकडे गेल्या. त्यांची इच्छा होती म्हणून मुलांनी त्या वेळी स्तोत्र गायलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायचा प्रश्न होता. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारांचे गट करावेत आणि एकेका पुढाऱ्याने घरोघरी जाऊन ती गोळा करावी. ज्याला देणं जमणार नाही त्याची भर पुढाऱ्याने घालावी. घरोघरी जाताना कुणाच्या घरात काय चाललंय ते कळू लागलं, आणि पैशाच्या हिशेबातून वर्गसभा जन्माला आली. दर आठवड्याला बारा जणांनी बसायचं आणि तुझ्या आत्म्याचं कसं आहे हे विचारायचं. हा प्रश्न जॉननी आधी कुठे ऐकला होता, ते आता तुम्हाला माहीत आहे. गुरुवारी संध्याकाळी.

सुझानाबाई शेवटपर्यंत राजमान्य चर्चच्याच सभासद होत्या. मेथडिस्ट ही वेगळी मंडळी त्यांच्यानंतर झाली. एपवर्थमध्ये आज जे वेस्ली स्मारक मेथडिस्ट चर्च आहे ते १८८९ चं. आपल्याकडेही घडलं ते असंच. १८७१-७२ मध्ये विल्यम टेलर मुंबईत सभा घेत होते तेव्हा विश्वासात आलेल्यांचे लहान गट घरांमधून बसू लागले आणि त्या घरगुती गटांतून मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. इमारती नंतर आल्या.

मनन

आपल्या गावच्या मंडळ्यांमध्ये बऱ्याचदा इमारतीची काळजी मोठी असते. छप्पर गळतं, भिंतीला रंग हवा, कमिटीची निवडणूक आली की दोन कुटुंबं एकमेकांना सलाम करत नाहीत. हे सगळं एपवर्थलाही होतं, किंबहुना याहून वाईट होतं. तिथे सुरुवात झाली ती एका घराने रविवारी संध्याकाळी दार उघडं ठेवलं म्हणून.

आज तीन गोष्टी स्वतःला विचारू या. आपली कौटुंबिक प्रार्थना चालू आहे का, आणि तिच्यात घरकाम करणाऱ्या माणसाला जागा आहे का? घरातल्या प्रत्येकासाठी आठवड्यातला एक तास ठरलेला आहे का? आणि ज्याने आपलं नुकसान केलं असं आपल्याला वाटतं, तो दाराशी आला तर आपण त्याला कुठे बसवू?

प्रार्थना

हे प्रभू, प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी तू होतास, एपवर्थच्या चुलीपाशी होतास, तसाच आमच्याही घरी ये. ज्यांच्याशी आमचं बोलणं तुटलं आहे त्यांच्यासाठी दार उघडायची शक्ती दे. आमच्या मुलांना ऐकायला आम्हाला वेळ दे. आमच्या लहान लहान मंडळ्यांना आशीर्वादित कर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.